‘मेक क्लीन करून बघ’: मेकवरच्या टॉकची आखणी

मेक म्हणजे बदललेल्या फाइल्सच तेवढ्या पुन्हा कंपाइल करून प्रोग्राम बांधणारं टूल. त्यावर टॉक द्यायचा म्हटलं की स्लाइड्स जवळजवळ ठरलेल्या असतात. पहिलीवर ‘बिल्ड टूल म्हणजे काय’, दुसरीवर 1976 साल, तिसरीवर फायद्यांची यादी. पंधराव्या मिनिटाला मागच्या दोन रांगा मोबाइलमध्ये गेलेल्या असतात. त्यांचा दोष नाही. अडचण काय आहे ते दाखवायच्या आधीच आपण उत्तर सांगत सुटलेलो असतो.

नाशिकमध्ये अशा टॉकला साधारण तीन प्रकारचे लोक येतात. अंबड-सातपूरच्या स्विचगिअर, मीटर, पॅनल बनवणाऱ्या कंपन्यांमधले फर्मवेअरवाले, म्हणजे यंत्रांच्या आतला प्रोग्राम लिहिणारे. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाची मुलं. आणि घरी बसून पुण्या-मुंबईच्या कंपन्यांचं काम करणारे, ज्यांचा सी भाषेशी संबंध कॉलेजनंतर सुटला आहे. तिघांच्या ज्ञानात फार अंतर आहे, पण एक वाक्य तिघांनीही ऐकलेलं असतं: ‘क्लीन करून परत बिल्ड कर, चालेल.’ म्हणजे आधीच्या बिल्डच्या फाइल्स पुसून सगळं नव्याने बांध. आणि खरंच चालतं. का चालतं हे विचारायला कोणी थांबत नाही. टॉक याच वाक्यावर उभा करा. चाळीस मिनिटांनी हॉलमधून बाहेर पडणाऱ्याला एवढं कळलं पाहिजे की क्लीन करावं लागतंय म्हणजे बहुतेक वेळा मेकफाइलमध्ये, म्हणजे मेकला सूचना देणाऱ्या फाइलमध्ये, एखादं अवलंबन (ही फाइल त्या फाइलवरून बनते ही नोंद) लिहायचं राहिलंय. बाकी सगळं, म्हणजे व्हेरिएबल्स, फंक्शन्स, पॅटर्न रूल, कंडिशनल, या एका गोष्टीला मदत करत असेल तर ठेवा, नाहीतर काढून टाका.

डेमोतला बग नीट घडवावा लागतो

डेमोचा प्रोग्राम लहान हवा, पण अगदी ‘हॅलो वर्ल्ड’ नको. एकाच फाइलच्या प्रोग्रामला मेकची गरजच काय, हा प्रश्न पहिल्या रांगेतून येतो आणि तो रास्त आहे. तीन सी फाइल्स आणि एक हेडर (अनेक सी फाइल्सनी मिळून वापरायच्या व्याख्यांची फाइल) पुरतं. समजा द्राक्षबागेतल्या हवामान केंद्राचा प्रोग्राम आहे. रीडिंग.एच मध्ये एक स्ट्रक्चर, त्यात दोन इंटिजर: तापमान आणि आर्द्रता. सेन्सर.सी ते स्ट्रक्चर भरते, मेन.सी ते छापते, आणि लॉग.सी चा या हेडरशी काही संबंध नाही. ही तिसरी फाइल उगाच ठेवलेली नाही. दुरुस्तीनंतर ‘बघा, ही पुन्हा कंपाइल झाली नाही’ हे दाखवायला तीच लागते.

मेकफाइलमध्ये मुद्दाम चूक ठेवा. स्टेशन हे टार्गेट (बनवायची फाइल) तीन ऑब्जेक्ट फाइल्सवर (सी फाइल कंपाइल होऊन बनणाऱ्या .ओ फाइल्सवर) अवलंबून, आणि प्रत्येक ऑब्जेक्ट फाइल फक्त आपापल्या सी फाइलवर. हेडरचा उल्लेख कुठेच नाही. नव्याने मेक शिकणारा अशीच मेकफाइल लिहितो, त्यामुळे ती कोणाला खटकत नाही.

आता बग. हेडरमध्ये तापमान आणि आर्द्रता यांच्या ओळींची अदलाबदल करा आणि मेक चालवा. मेक म्हणतं, स्टेशन अप टू डेट आहे. प्रोग्राम चालवला तर उत्तर बरोबर: तापमान 7, आर्द्रता 82. बरेच वक्ते इथे गडबडतात, कारण त्यांना वाटलेलं असतं की आता आकडे उलटे दिसतील. ते दिसणार नाहीत. मेन आणि सेन्सर दोघांच्याही ऑब्जेक्ट फाइल्स जुन्याच मांडणीच्या आहेत, त्यामुळे दोघांचं आपसात जमतं. बग दिसायला एक फाइल नवी आणि एक जुनी असावी लागते. म्हणून पुढची पायरी: सेन्सर.सी मध्ये 7 चा 8 करा, सेव्ह करा, मेक चालवा. आता फक्त सेन्सर.सी कंपाइल होते, लिंकिंग होतं, म्हणजे ऑब्जेक्ट फाइल्स जोडून प्रोग्राम बनतो, आणि तो म्हणतो: तापमान 82, आर्द्रता 8. निफाडच्या थंडीत 82 अंश. हॉलमध्ये हशा पिकतो आणि तेवढ्यात लोक पडद्याकडे नीट बघायला लागतात.

यात दोन खाचा आहेत. सेन्सर.सी मध्ये स्ट्रक्चर भरताना मेंबरचं नाव घेऊनच किंमत द्या. महिरपी कंसात नुसते दोन आकडे ओळीने लिहिले, तर हेडर बदलल्यावरही पहिला आकडा पहिल्याच जागी जातो, जुनी मेन.ओ तो तापमान म्हणूनच वाचते आणि उत्तर बरोबर येतं. बग गायब, वक्ता घामाघूम. दुसरी खाच म्हणजे अदलाबदलीऐवजी स्ट्रक्चरमध्ये नवा मेंबर घालायचा मोह. तो टाळा. तसं केलं की जुन्या मेन.ओ ने 8 बाइट राखलेले असतात आणि नवी सेन्सर.ओ 12 बाइट लिहिते. मग कधी चुकीचा आकडा दिसतो, कधी ‘स्टॅक स्मॅशिंग डिटेक्टेड’ म्हणत प्रोग्राम मरतो, कधी काहीच होत नाही. बग म्हणून हा जास्त भयंकर आहे, पण स्टेजवर दर वेळी एकसारखं घडेल असंच काहीतरी हवं. अदलाबदलीत आकार बदलत नाही, म्हणून परिणाम हमखास तोच.

मग मेक क्लीन, मेक, आणि प्रोग्राम पुन्हा शहाणा. इथे अर्धा मिनिट गप्प राहा आणि हॉलला विचारा, क्लीनने नेमकं काय केलं? उत्तर हॉलमधूनच येतं. नाही आलं तर फळ्यावर आकृती काढा. वर स्टेशन, खाली तीन ऑब्जेक्ट फाइल्स, त्यांच्याखाली सी फाइल्स, बाजूला हेडर. हेडरकडून कोणाकडेच बाण जात नाही. ही आकृती स्लाइडवर तयार ठेवण्यापेक्षा खडूने काढलेली बरी, कारण पुढच्या दहा मिनिटांत तिच्यात बाण वाढवायचे आहेत.

दुरुस्ती दोन टप्प्यांत

पहिला टप्पा हाताने. मेकफाइलमध्ये एकच ओळ वाढवा: मेन.ओ आणि सेन्सर.ओ, कोलन, रीडिंग.एच. खाली रेसिपी, म्हणजे टार्गेट बनवायची कमांड, नाही. ‘रेसिपीशिवाय रूल चालतो का?’ हा प्रश्न इथे येतोच. चालतो. एका टार्गेटची अवलंबनं कितीही ओळींत विखरून लिहिता येतात, रेसिपी मात्र एकदाच. फळ्यावर दोन बाण काढा, हेडर पुन्हा उलटं करा, मेक चालवा. दोन फाइल्स कंपाइल होतात, लॉग.सी ला हात लागत नाही.

लगेच ही दुरुस्तीही मोडून दाखवा. रीडिंग.एच मधून कॉन्फिग.एच नावाचं दुसरं हेडर इन्क्लूड करा, एकदा मेक चालवा, मग कॉन्फिग.एच मधला एखादा आकडा बदला आणि पुन्हा मेक चालवा. मेक ढिम्म. हाताने ठेवलेली यादी आणि सी फाइलमधली खरी परिस्थिती यांच्यात अंतर पडणारच, हे वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरा टप्पा कंपायलरकडून. कोणती फाइल कोणती हेडर्स ओढते हे कंपायलरला माहीतच असतं, कारण ती तोच उघडतो. जीसीसी आणि क्लँग या दोन्ही कंपायलरना -एमएमडी आणि -एमपी हे पर्याय दिले की प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलसोबत एक .डी फाइल तयार होते. ती कॅट कमांडने पडद्यावर दाखवा: मेन.ओ, कोलन, मेन.सी, रीडिंग.एच, कॉन्फिग.एच. मघाशी हाताने लिहिलेलीच ओळ, पण पूर्ण. -एमएमडी सिस्टिम हेडर्स वगळतं, नुसतं -एमडी दिलं तर स्टँडर्ड हेडर्ससकट सगळी भलीमोठी यादी येते आणि पडदा भरून जातो. -एमपी प्रत्येक हेडरसाठी एक रिकामा रूल घालतं. तो नसेल तर उद्या कोणी हेडरचं नाव बदललं की जुन्या .डी फाइलमुळे मेक ‘नो रूल टू मेक टार्गेट’ म्हणून अडून बसतं.

या .डी फाइल्स मेकफाइलमध्ये ओढायच्या त्या इन्क्लूडने, आणि त्याच्या आधी एक हायफन. पहिल्या बिल्डला त्या फाइल्स नसतातच, हायफनमुळे त्यावरून मेक थांबत नाही. नसल्या तरी बिघडत नाही, कारण तेव्हा ऑब्जेक्ट फाइल्सही नसतात आणि सगळं कंपाइल होणारच असतं.

स्टेजवर फजिती होते ती या टप्प्यात, आणि तीन कारणांनी. इन्क्लूडची ओळ मेकफाइलच्या वरच्या भागात टाकली, तर .डी मधला पहिला रूल हाच मेकचा डिफॉल्ट होतो. मग नुसतं मेक म्हटल्यावर मेन.ओ बनून काम थांबतं आणि स्टेशन बनतच नाही. ती ओळ शेवटी टाका. दुसरं, हे फ्लॅग (पर्याय) वाढवल्यावर लगेच मेक चालवलं तर काहीच होत नाही, कारण मेकफाइल बदलली म्हणून ऑब्जेक्ट फाइल्स जुन्या ठरत नाहीत. .डी फाइल्स तयार व्हायला एकदा तरी सगळं नव्याने कंपाइल व्हावं लागतं. ‘क्लीन लागू नये’ हे शिकवता शिकवता इथे स्वतःलाच क्लीन करावं लागतं. मेकला कॅपिटल बी चा पर्याय देऊन सक्तीने बिल्ड करता येतं, पण क्लीनच करा आणि का केलं ते सांगा. पुढे याच धाग्यावर यायचं आहे. तिसरं, फ्लॅग सीपीपीफ्लॅग्समध्ये टाकले आणि रेसिपी मात्र हाताने लिहिलेली असेल, तर ते व्हेरिएबल रेसिपीत वापरलंय का ते बघा. मेकचे अंगभूत रूल ते आपोआप वापरतात, आपले नाही.

पॅटर्न रूल आणि $@, $<, $^ ही टार्गेट-अवलंबनांच्या नावांऐवजी येणारी चिन्हं इथेच, तीन सारखे रूल एकात गुंडाळताना, ओघात येऊ द्या. त्यांच्यासाठी वेगळी स्लाइड केली की टॉकचा पाठ होतो.

थोडक्यात आटपायचे विषय

टॅबवर जास्तीत जास्त दोन मिनिटं. रेसिपीच्या ओळीच्या सुरुवातीला टॅबऐवजी स्पेस पडल्या की ‘मिसिंग सेपरेटर’ येतं, हे एकदा मुद्दाम करून दाखवा. नंतर कॅट ला कॅपिटल ए देऊन फाइल दाखवा: जिथे कॅरेट-आय दिसतं तिथे टॅब, जिथे नुसती मोकळी जागा तिथे स्पेस. मॅकवर तो पर्याय चालत नाही, तिथे कॅट -ईटी. ओळीच्या शेवटी कॅरेट-एम दिसला तर फाइल विंडोजच्या नोटपॅडमधून आली आहे, आणि तो वेगळाच त्रास. एक खबरदारी वक्त्याने घ्यायची: स्लाइडच्या पीडीएफमधून मेकफाइल कॉपी केली की टॅबच्या स्पेस होतात. तेव्हा मेकफाइल पीडीएफमधून कधीच वाटू नका, रेपॉझिटरीचीच लिंक द्या.

फोनी टार्गेट, म्हणजे ज्या नावाची फाइल बनायची नसते ते, अर्ध्या मिनिटात होतं. टच करून क्लीन नावाची रिकामी फाइल बनवा, मेक क्लीन चालवा, ‘अप टू डेट’ दिसेल. फोनीची ओळ टाका, पुन्हा चालवा. झालं.

रेसिपीची प्रत्येक ओळ वेगळ्या शेलमध्ये चालते, त्यामुळे एका ओळीतलं सीडी (फोल्डर बदलणं) पुढच्या ओळीत टिकत नाही. हे फर्मवेअरवाल्यांना हमखास नडलेलं असतं, म्हणून नुसतं बोलून दाखवा आणि दोन अँपरसँडने ओळी जोडायचा उपाय सांगा. डेमो नको.

समांतर बिल्डसाठी खरा मोठा प्रोजेक्ट आणायची गरज नाही. चार टार्गेट्स, प्रत्येकाच्या रेसिपीत दोन सेकंदांचा स्लीप. साधं मेक आठ सेकंद घेतं, -जे 4 दिलं की दोन. आकडा द्यायला विसरू नका आणि का ते सांगा. नुसत्या -जे ला मर्यादाच नसते, जेवढी कामं मोकळी तेवढी सगळी एकदम सुटतात. मोठा सी++ प्रोजेक्ट आणि 8 जीबीचा लॅपटॉप असेल तर माऊससुद्धा हलेनासा होतो. याच जागी मूळ मुद्द्याकडे परत यायची सोय आहे: ‘-जे दिलं की बिल्ड फुटतो’ ही तक्रारसुद्धा बहुतेक वेळा राहून गेलेल्या अवलंबनाचीच असते. एकेक करून चालताना कामं योगायोगाने योग्य क्रमाने होत होती, समांतर चालल्यावर तो योगायोग संपला.

इतिहास कधी सांगायचा

सुरुवातीला नाही. बग दाखवून झाल्यावर, दुरुस्तीच्या आधी, एका मिनिटात. कारण मेकचा जन्मच या बगमधून झाला आहे. 1976 साली बेल लॅब्समध्ये स्टीव्ह जॉन्सन हे बरोबर असलेल्या प्रोग्राममध्ये चूक शोधत बसले होते. चूक दुरुस्त झाली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइल झालेली नव्हती. ते वैतागून स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत आले, आणि त्यातून फेल्डमन यांनी मेक लिहिलं. याक (पार्सर बनवून देणारं टूल) लिहिणारे जॉन्सनही यात अडकतात हे ऐकलं की तिसऱ्या वर्षाच्या मुलांना फार बरं वाटतं. टॅबचा उगमही फेल्डमन यांनीच सांगितला आहे: सुरुवातीला सोय म्हणून टॅब ठेवला, थोड्याच दिवसांत डझनभर लोक वापरू लागले आणि त्यांच्या फाइल्स मोडायला नकोत म्हणून तो तसाच राहिला. 2003 चा एसीएमचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मेकला मिळाला, हे सांगितलं तरी चालेल, नाही सांगितलं तरी काही अडत नाही.

उपमा द्यायचीच तर एकच द्या, आणि ती कुठे मोडते तेही सांगा. नाशिकात मिसळ हाताशी आहेच. कट तयार असेल आणि फरसाण नुसतं बदललं असेल तर कट पुन्हा उकळायला लागत नाही, प्लेट तेवढी नव्याने लावायची. ऑब्जेक्ट फाइल्स आणि लिंकिंग यांचं नातं यातून चटकन कळतं. पण आचारी चव घेऊन ठरवतो, मेक चव घेत नाही. मेक फक्त दोन फाइल्सच्या वेळा बघतं: अवलंबन टार्गेटपेक्षा नंतरचं असेल तर टार्गेट पुन्हा बनवायचं. फाइलमध्ये काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. काहीही न बदलता नुसतं टच केलं, म्हणजे फाइलची वेळ तेवढी आत्ताची केली, तरी मेक कामाला लागतं. हे मिसळीत बसत नाही, आणि मेक कळायला तर हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. म्हणून उपमा एका मिनिटात संपवा आणि टच करून दाखवा.

लॅपटॉपची तयारी

मेक वेळेवर चालतं, म्हणून डेमोचे निम्मे घोटाळे घड्याळाचे असतात. विंडोजवर डब्ल्यूएसएल 2 (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) वापरत असाल तर लॅपटॉप झोपवून नेल्यावर आतल्या लिनक्सचं घड्याळ मागे पडू शकतं. मग ‘क्लॉक स्क्यू डिटेक्टेड’ अशी सूचना येते, किंवा त्याहून वाईट म्हणजे काहीच न सांगता चुकीच्या फाइल्स बिल्ड होतात. हॉलवर पोचल्यावर आधी डेट कमांड चालवून मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघा. फरक असेल तर डब्ल्यूएसएल शटडाउन करून पुन्हा उघडा. फाइल्स सी ड्राइव्हवर ठेवू नका, लिनक्सच्या होम डिरेक्टरीत ठेवा. वेगातला फरक लगेच जाणवतो.

पेन ड्राइव्हवरून थेट डेमो चालवू नका. फॅट फाइल सिस्टिममध्ये बदलाची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांनी नोंदवली जाते. पटकन बदललं, पटकन मेक चालवलं, तर दोन्ही फाइल्सची वेळ तीच दिसते, आणि वेळ सारखी असली की मेक टार्गेटला ताजं समजतं.

डेमोच्या टप्प्यांसाठी एकाच रेपॉझिटरीत पाच गिट टॅग (नाव देऊन जपलेल्या अवस्था) ठेवणं सगळ्यात सोपं. गिट वेळा जपून ठेवत नाही. चेकआउट केल्यावर ज्या फाइल्स बदलतात त्यांना आत्ताची वेळ मिळते, त्यामुळे मागच्या टप्प्यावर गेलं तरी मेकला त्या नव्या वाटतात आणि बिल्ड बरोबर होतो. टप्प्यांसाठी वेगवेगळे फोल्डर केले आणि साध्या सीपी ने कॉपी केले, तर सी आणि ऑब्जेक्ट दोन्ही फाइल्सना कॉपीच्या क्रमाने नवी वेळ मिळते. कोण आधी कोण नंतर याचा भरवसा राहत नाही. सीपी -ए वापरा, किंवा ऑब्जेक्ट फाइल्स कॉपीच करू नका. तालमीनंतर उरलेल्या ऑब्जेक्ट फाइल्स गिट क्लीन -एफडीएक्स ने उडवा, नाहीतर स्टेजवरचं पहिलंच मेक ‘अप टू डेट’ म्हणतं. त्या फोल्डरमध्ये भाषणाची टिपणं ठेवली असतील तर आधी हलवा. तो एक्स कशाचीच गय करत नाही.

मॅकबुकवाल्यांनी मेक --व्हर्जन बघावं. अ‍ॅपलच्या टूल्ससोबत जीएनयू मेक 3.81 येतं आणि ते 2006 सालचं आहे. त्यात --ट्रेस नाही, आणि या टॉकमध्ये --ट्रेस हवाच. प्रत्येक टार्गेट कशामुळे पुन्हा बनलं हे तो एका ओळीत सांगतो, फळ्यावरच्या बाणांशी ताडायला दुसरं काही लागत नाही. ब्रूने (मॅकवर सॉफ्टवेअर बसवायच्या टूलने) नवं मेक टाकलं की ते जीमेक या नावाने चालतं. उबुंटू 22.04 मध्ये 4.3 आहे, तिथे अडचण नाही.

रेसिपीच्या आधी @ टाकून आउटपुट लपवू नका. कोणती कमांड चालली आणि कोणती चालली नाही हेच तर दाखवायचं आहे. उलट फ्लॅग्स कमी ठेवा, म्हणजे प्रत्येक कमांड एका ओळीत मावेल. प्रॉम्प्टही एका अक्षराचा करा.

आणि इंटरनेटवर अवलंबून काहीही नको. इन्स्टॉल, क्लोन, डाउनलोड, सगळं घरी. लोकांना स्वतःच्या लॅपटॉपवर करून बघायला लावायचं असेल तर तो टॉक नाही, अडीच तासांची कार्यशाळा आहे, आणि तिची सूचना आठवडाभर आधी गेली पाहिजे. ज्यांच्या विंडोज लॅपटॉपवर डब्ल्यूएसएल नाही, ते हॉलच्या वायफायवर ते बसवायला लागले की पहिला तास संपलाच.

हॉल

कॉलेजच्या सेमिनार हॉलमध्ये प्रोजेक्टर अजूनही बऱ्याचदा 1024 बाय 768 चा असतो आणि केबल व्हीजीए. एचडीएमआय ते व्हीजीए अडॅप्टर स्वतःचा न्या. टर्मिनल 80 कॉलम, 20 ओळी एवढंच मावेल असा फाँट ठेवा, आणि शेवटच्या रांगेत स्वतः जाऊन वाचून बघा. खिडक्यांना पडदे नसतील तर काळं टर्मिनल विसरा. पांढऱ्यावर काळी अक्षरंच दिसतात, कितीही कुरूप वाटली तरी.

हातातला माइक धरून टाइप करता येत नाही, हे आयोजकांना कधीच सुचत नाही. कॉलर माइक किंवा स्टँड आधी मागून ठेवा. नाहीतर माइक खाली ठेवायचा, टाइप करायचं, माइक उचलायचा, आणि नेमकं महत्त्वाचं वाक्य पंख्यांच्या घरघरीत जायचं.

वीज गेली तर लॅपटॉप चालतो, प्रोजेक्टर नाही. परत आल्यावरही तो गरम होऊन दिसायला वेळ घेतो. त्यासाठीही फळा हवा. आकृती फळ्यावर असेल तर पाच मिनिटं पडद्याशिवाय निघतात.

वेळ रविवारी सकाळची असेल तर दहाची ठेवू नका. मिसळ खाऊन लोक अकराच्या आत येत नाहीत, आणि जागा कॉलेज रोडला असेल तर नाशिकरोडहून येणाऱ्याला द्वारका चौक ओलांडायचा असतो. अकरा लिहा, अकरा दहाला सुरू करा. अंबड-सातपूरवाल्यांना रविवारीच सुट्टी असेल असं धरून चालू नका. साप्ताहिक सुट्टी कंपनीगणिक बदलते, दोन-चार जणांना फोन करून विचारा. चाळीस मिनिटांचं माप ढोबळमानाने असं: तीन मिनिटं प्रस्तावना, नऊ मिनिटं हाताने कंपाइल करून मग मेकफाइल, आठ मिनिटं बग आणि इतिहास, दहा मिनिटं दुरुस्ती, चार मिनिटं समांतर बिल्ड, उरलेली मेकच्या मर्यादांना. उशीर झाला तर समांतर बिल्ड कापा. बग कधीही कापू नका.

मर्यादा आणि प्रश्न

मर्यादा वक्त्यानेच काढाव्यात, प्रश्नोत्तरांत त्या अंगावर येण्यापेक्षा बरं. सीफ्लॅग्समध्ये, म्हणजे कंपायलरच्या पर्यायांच्या व्हेरिएबलमध्ये, ऑप्टिमायझेशनच्या ओ 0 चं ओ 2 करा आणि मेक चालवा. अप टू डेट! कोणत्याच फाइलची वेळ बदललेली नाही, म्हणून मेकच्या दृष्टीने काही घडलेलंच नाही. म्हणजे मेक क्लीनला एक प्रामाणिक कारण उरतंच: फ्लॅग्स किंवा कंपायलर बदलला तर. मघाशी .डी फाइल्ससाठी क्लीन करावं लागलं ते याचमुळे. लिनक्स कर्नलची केबिल्ड ही बिल्डची व्यवस्था, तीही जीएनयू मेकवरच चालते, पण ती प्रत्येक कमांड एका .सीएमडी फाइलमध्ये जपून ठेवते आणि कमांड बदलली तर पुन्हा बिल्ड करते. निंजा हे नवं बिल्ड टूल हेच काम स्वतःच्या लॉगमध्ये करतं. बेझल हे दुसरं टूल फाइलच्या वेळेऐवजी आतल्या मजकुराचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) बघतं. तीन वाक्यांत एवढं सांगितलं की नवी टूल्स का आली ते कळतं, त्यासाठी तुलनेचा तक्ता लागत नाही.

‘सीमेक असताना मेक कशाला?’ हा प्रश्न येणारच. सीमेक स्वतः बिल्ड करत नाही, ते मेकफाइल किंवा निंजाच्या फाइल्स लिहून देतं. बिल्ड फुटला की वाचायचं असतं ते खालच्याचं आउटपुट. फर्मवेअरवाल्यांना एसटीएम32 चिपसाठीच्या क्यूब आयडीईचं उदाहरण जवळचं: प्रोजेक्टच्या डीबग फोल्डरमध्ये आयडीईने लिहिलेली मेकफाइल असते. ती ज्या सबडिर.एमके फाइल्स ओढते त्या उघडून दाखवल्या तर -एमएमडी आणि -एमपी तिथेही सापडतात आणि हॉलमधल्या निम्म्या लोकांचे चेहरे बदलतात. ईएसपी32 वाल्यांना मात्र सरळ सांगा की ईएसपी-आयडीएफ या त्यांच्या डेव्हलपमेंट किटच्या 5.0 पासून जुना मेकचा मार्ग काढून टाकला आहे, तिथे सीमेकच.

जावावाल्या मुलांना मेक विकायला जाऊ नका. एका जावा फाइलमधून अनेक क्लास फाइल्स निघतात, अवलंबनं जावाचा कंपायलर स्वतःच शोधतो. मेकचा ‘एक टार्गेट, त्याची अवलंबनं’ हा साचा तिथे बसत नाही. मेवन आणि ग्रेडल ही बिल्ड टूल्स त्यांच्यासाठीच आहेत. वेबवाल्यांपैकी कोणी विचारलं तर लॅटेकचे अहवाल, सीएसव्हीवरून काढलेले तक्ते, अशा जिथे फाइलमधून फाइल बनते त्या सगळ्या ठिकाणी मेक चालतं. पण नुसत्या कमांड्सना छोटी नावं द्यायला मेकफाइल वापरणारे बरेच असतात, सगळी टार्गेट्स फोनी. त्याला हरकत नाही, फक्त त्यात मेकचं मेकपण काहीच वापरलं जात नाही.

आणि कोणीतरी हात वर करून सांगेल की आमच्या कंपनीतली मेकफाइल दोन हजार ओळींची आहे, कोणी हात लावत नाही, दर वेळी क्लीन करूनच बिल्ड करतो. त्याला स्टेजवरून उपदेश नको. एक कमांड द्या: एक हेडर टच करा, मेक -एन चालवा आणि कोणत्या फाइल्स कंपाइल होणार म्हणतोय ते बघा. -एन काही बिल्ड करत नाही, नुसतं सांगतं. त्याच हेडरचं नाव ग्रेपने शोधून येणारी यादी शेजारी ठेवा. ग्रेपला दुसऱ्या हेडरमधून आलेलं अवलंबन दिसत नाही, म्हणून त्याची यादी अपुरी असू शकते. पण जी सी फाइल ग्रेपमध्ये आहे आणि -एनच्या यादीत नाही, तिच्यापासून कामाला लागायचं.